हवानाची जुनी रीत

१९६२ हे वर्ष क्यूबासाठी टंचाईचे आणि धास्तीचे होते. फेब्रुवारीत अमेरिकेने त्या बेटाशी असलेला जवळजवळ सगळा व्यापार तोडला. मार्चमध्ये सरकारने शिधापुस्तिका सुरू केली आणि तांदूळ, कडधान्ये, साबण माणशी मोजून मिळू लागले. पुढे ऑक्टोबरात सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. या दोन प्रसंगांच्या मधल्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, हवानाच्या एका मोठ्या हॉटेलात बावीस बुद्धिबळपटू साखळी पद्धतीने खेळत होते. हे हॉटेल क्रांतीच्या आधी ‘हिल्टन’ होते, आता त्याचे नाव ‘हवाना लिब्रे’ झाले होते. स्पर्धा होसे राऊल कॅपाब्लांका याच्या स्मरणार्थ भरवलेली होती. १९२१ ते १९२७ अशी सहा वर्षे जगज्जेता असलेल्या या क्यूबन खेळाडूला जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. पहिला क्रमांक अर्जेंटिनाच्या मिगेल नायदॉर्फने मिळवला. पोलुगायेव्हस्की, स्पास्की, ग्लिगोरिच यांसारखे खेळाडू त्याच्या मागे राहिले. ज्या देशात साबणाच्या वडीचा हिशेब ठेवला जात होता, त्या देशाने सोव्हिएत संघातून, युगोस्लाव्हियातून, दक्षिण अमेरिकेतून एवढी माणसे बोलावून त्यांची बडदास्त ठेवावी, हे सहज उलगडणारे नाही. आणि हा प्रकार त्या एका वर्षाचा ठरला नाही. मधली काही वर्षे सोडली तर ही स्पर्धा साठ वर्षे चालत आली आहे.

याचा उलगडा सहसा दोन प्रकारे केला जातो. एका मताप्रमाणे ही क्रांतिकारी सरकारची जाहिरात होती: जगाने वाळीत टाकले तरी आमच्याकडे जगातले श्रेष्ठ खेळाडू येतात, हे दाखवायचे होते. दुसऱ्या मताप्रमाणे हे राष्ट्राने आपल्या थोर पुत्राला वाहिलेले पुष्प होते. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत, कारण दोन्ही मते गोष्ट १९६२ पासून सुरू करतात. हवानातला बुद्धिबळाचा इतिहास त्याच्या शंभर वर्षे मागे जातो आणि त्या इतिहासात एक रीत सतत दिसते. जगातल्या बलाढ्य खेळाडूंना आपल्या खर्चाने घरी बोलवायचे, त्यांचा मान राखायचा आणि आपली माणसे त्यांच्यासमोर बसवायची. कॅपाब्लांका घडला तो या रीतीच्या छायेत. त्याच्या नावाच्या स्पर्धेने पुढे नेली ती हीच रीत, आणि माझ्या मते ती टिकली तेही याच कारणाने. माणसाची स्तुती दरवर्षी नव्याने करता येत नाही; ती चार वर्षांत शिळी होते. ज्या व्यवहारातून तो माणूस उभा राहिला तो व्यवहार मात्र दरवर्षी करता येतो, कारण दरवर्षी त्याची गरज असते.

त्या रीतीचे पुरावे भक्कम आहेत. अमेरिकेचा अद्वितीय खेळाडू पॉल मॉर्फी १८६२ आणि १८६४ साली हवानात येऊन राहिला. तेव्हा क्यूबा स्पेनची वसाहत होती, उसाच्या मळ्यांवर गुलाम राबत होते आणि बुद्धिबळ साखरेच्या पैशावर पोसलेल्या घरांच्या दिवाणखान्यात खेळले जात होते. मॉर्फी तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून खेळला, स्थानिक विजेता सेल्सो गोल्मायो याच्याशी आपला एक घोडा आधीच कमी करून खेळला. त्याच मुक्कामांतला एक डाव मला विशेष महत्त्वाचा वाटतो. फेलिक्स सिक्रे या धनिकाच्या मालकीचा गुलाम, होसे मारिया सिक्रे, मॉर्फीसमोर बसला. मालकाचे आडनाव लावणारा, कायद्याने स्वतःच्या देहावरही हक्क नसलेला हा माणूस त्या काळच्या सर्वांत मोठ्या खेळाडूशी पटावर भिडला, आणि त्याचे नाव आज उरले आहे ते त्या डावामुळे. हवानाच्या आतिथ्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. पाहुणा जगातला सर्वोत्तम असे. त्याच्यासमोर कोणाला बसू द्यायचे हे मात्र यजमान ठरवत. क्यूबातली गुलामगिरी १८८६ साली संपली, पण बुद्धिबळाचा क्लब श्रीमंतांचाच राहिला. त्या क्लबने विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि मिखाइल चिगोरिन यांना जगज्जेतेपदाचा सामना आपल्या शहरात खेळायला बोलावले. १८८९ च्या जानेवारीत सुरू झालेला हा सामना स्टाइनिट्झने दहा विजय, सहा पराभव आणि एक बरोबरी अशा फरकाने जिंकला. तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, तेच दोघे पुन्हा हवानात खेळले आणि स्टाइनिट्झने पद राखले. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना ही बुद्धिबळाची नावाजलेली शहरे असताना कॅरिबियन समुद्रातल्या एका वसाहतीने जगज्जेतेपदाचे दोन सामने भरवले.

कॅपाब्लांकाचा जन्म १९ नोव्हेंबर १८८८ चा. स्टाइनिट्झ आणि चिगोरिन पहिल्यांदा पटावर बसले तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. वडील स्पॅनिश सैन्यात अधिकारी होते. चौथ्या वर्षी, वडिलांचा डाव पाहता पाहता, तो खेळायला शिकला अशी हकीकत त्याने स्वतःच सांगितली आहे. या हकीकतीमुळे तो आकाशातून पडलेला चमत्कार होता अशी समजूत पसरली, आणि पुढच्या चरित्रकारांनी ती जपली. प्रतिभा होतीच, तिच्याविषयी वाद नाही. पण ज्या शहरात जगज्जेत्यांचे डाव वर्तमानपत्रांत चर्चिले जात, क्लबात त्यांच्या चाली मांडल्या जात, त्याच शहरात हा मुलगा वाढला, ही बाब चमत्काराच्या कथेत हरवून जाते. बारा-तेरा वर्षांचा असताना, १९०१ साली, त्याने हुआन कोर्सोला सामन्यात हरवले. कोर्सो हा अशाच वातावरणात तयार झालेला प्रौढ, कसलेला खेळाडू होता. असा प्रतिस्पर्धी गावातच नसता तर त्या मुलाची ताकद कळायला कोणते माप होते? पुढे तो शिकायला न्यूयॉर्कला गेला. १९०९ मध्ये त्याने फ्रँक मार्शलला आठ विजय, एक पराभव आणि चौदा बरोबऱ्या अशा फरकाने नमवले. १९११ मध्ये सान सेबास्तियानची स्पर्धा पहिल्याच प्रयत्नात जिंकली. १९१३ मध्ये हवानाने मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा घरच्या मैदानावर मार्शल पहिला आला आणि कॅपाब्लांका दुसरा. पाहुण्याने यजमानांच्या लाडक्याला मागे टाकल्याने ही प्रथा कोणी मोडली नाही. आठ वर्षांनी इमॅन्युएल लास्करविरुद्धचा जगज्जेतेपदाचा सामनाही हवानातच झाला, २५,००० डॉलरांच्या रकमेवर. लास्करला एकही डाव जिंकता आला नाही. चार विजय आणि दहा बरोबऱ्यांनिशी कॅपाब्लांका जगज्जेता झाला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कॅपाब्लांका हा क्रांतीचा माणूस नव्हता, ती होण्याच्या सतरा वर्षे आधीच तो गेला. आयुष्याचा मोठा भाग त्याने क्यूबाबाहेर काढला. उंची कपडे, उंची हॉटेले, राजनैतिक मेजवान्या हा त्याचा संसार होता. ७ मार्च १९४२ रोजी तो न्यूयॉर्कच्या मॅनहटन चेस क्लबमध्ये कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. हवानातल्या त्याच्या अंत्यविधीची व्यवस्था राष्ट्राध्यक्ष बातिस्ताने स्वतः पाहिली, म्हणजे ज्याच्याविरुद्ध पुढे क्रांती झाली तोच. अशा माणसाचे नाव कास्त्रोच्या सरकारने आपल्या स्पर्धेला लावणे ही उचलेगिरी नाही का? याचे उत्तर त्याच्या पगारात आहे. १९१३ साली त्याला क्यूबाच्या परराष्ट्र खात्यात नोकरी मिळाली. ठरावीक काम असे नव्हते. जगभर फिरावे, खेळावे आणि क्यूबाचे नाव लोकांच्या तोंडी ठेवावे एवढीच अपेक्षा होती. म्हणजे सरकारने बुद्धिबळपटूला पोसणे आणि त्याच्या विजयात देशाची प्रतिष्ठा पाहणे ही कास्त्रोची कल्पना नव्हती. ती प्रजासत्ताकाची जुनी पद्धत होती आणि कॅपाब्लांका तिचा आयुष्यभर लाभार्थी होता. तोही देशाचे देणे विसरला नव्हता. १९३९ मध्ये, तब्येत ढासळलेली असताना, तो ब्युनोस आयर्सच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये क्यूबाच्या पहिल्या पटावर खेळला आणि सर्वोत्तम कामगिरीचे पदक घेऊन गेला. पुढच्या सरकारने त्याच्याकडून विचारसरणीचा वारसा घेतला नाही, घेता आलाही नसता. त्याने घेतला तो सरकारी खर्चाने बुद्धिबळ चालवण्याचा वारसा, आणि तो हक्काने घेण्याजोगा होता.

क्रांतीने या रीतीत एक खरा बदल केला, आणि तो पटाच्या यजमानांकडच्या बाजूचा होता. १९६१ मध्ये खेळांसाठी सरकारी संस्था स्थापन झाली आणि बुद्धिबळ क्लबांच्या हातून निघून तिच्याकडे आले. चे गेव्हारा स्वतः हौशी आणि बऱ्यापैकी ताकदीचा खेळाडू होता. उद्योगमंत्री असतानाही तो पाहुण्या ग्रँडमास्टरांसमोर सामूहिक प्रदर्शनांत बसे, आणि या स्पर्धेमागे त्याचे वजन होते. शाळांत, कारखान्यांत, सैन्याच्या छावण्यांत बुद्धिबळ शिकवले जाऊ लागले. होसे मारिया सिक्रेला पटावर बसायला मालकाचा दिवाणखाना लागला होता. आता त्या खुर्चीवर कोण बसेल हे निवड स्पर्धेतून ठरू लागले. पाहुण्यांची यादीही तशीच दर्जाची राहिली. १९६३ मध्ये कोर्चनॉय पहिला आला, ताल आणि गेलर त्याच्या मागे. १९६४ मध्ये स्मिस्लॉव आणि उलमान यांनी पहिला क्रमांक वाटून घेतला. अशा एकेका स्पर्धेत पाच-सहा क्यूबन खेळाडू एकवीस-एकवीस डाव खेळत आणि त्यांतले बहुतेक हरत. ते हरणे हेच शिक्षण होते. मॉस्कोला जाऊन जे चार जणांना शिकता आले असते, ते हवानात बसून साऱ्या पिढीला पाहता येत होते.

१९६५ ची स्पर्धा या सगळ्याची कसोटी ठरली. बॉबी फिशरला आमंत्रण गेले, पण अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याला क्यूबात जाण्याची परवानगी नाकारली. तोवर दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटलेले होते. यजमानांनी तोडगा काढला. फिशरने न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये बसून खेळावे, चाली टेलिटाइप यंत्राने हवानाला जातील आणि हवानाच्या चाली तशाच परत येतील. क्लब त्याच मार्शलच्या नावाचा, ज्याला कॅपाब्लांकाने १९०९ मध्ये हरवले आणि ज्याने कॅपाब्लांकाला १९१३ मध्ये हवानात मागे टाकले. हवानाच्या टोकाला कॅपाब्लांकाचा मुलगा फिशरच्या चाली पटावर मांडत असे. स्पर्धेआधी वृत्तपत्रांत आले की फिशरचा सहभाग हा क्यूबाच्या प्रचाराचा विजय आहे असे कास्त्रो म्हणाला. फिशरने थेट कास्त्रोला तार करून माघार घेण्याची भाषा केली. कास्त्रोने उलट तारेने ते विधान नाकारले, आपल्या देशाला असल्या विजयांची गरज नाही असे कळवले, आणि भीती वाटत असेल तर दुसरे निमित्त शोधावे असेही सुनावले. फिशर खेळला. चालींची ये-जा यंत्रातून होत असल्याने त्याचे डाव इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालत. बावीस खेळाडूंत एका महिन्याच्या श्रमानंतर स्मिस्लॉव पहिला आला. फिशर, गेलर आणि इव्हकोव्ह त्याच्यापेक्षा अवघ्या अर्ध्या गुणाने मागे. स्मिस्लॉवला तर फिशरने न्यूयॉर्कच्या खोलीत बसून हरवले होते.

प्रचाराच्या आक्षेपाचे उत्तर याच स्पर्धेत सापडते. प्रचार नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. फिशरच्या डावांवर झालेला खर्च, परदेशी पत्रकारांची सरबराई, कास्त्रोची तार, यांत राजकारण उघड होते. पण प्रचाराचा हेतू आणि स्पर्धेचा परिणाम या दोन गोष्टी आहेत, आणि पटावरचा निकाल यजमानाच्या हाती नसतो. ज्याला फक्त प्रतिमा उजळायची आहे तो आपली माणसे वर्षानुवर्षे जगासमोर हरायला बसवत नाही. तो एखादा दिमाखदार सोहळा करतो आणि थांबतो. १९६५ च्या स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांपर्यंत युगोस्लाव्हियाचा बोरिस्लाव्ह इव्हकोव्ह आघाडीवर होता. शेवटून दुसऱ्या फेरीत त्याची गाठ तळाशी असलेल्या क्यूबन खेळाडूशी, हिल्बेर्तो गार्सियाशी पडली. डाव इव्हकोव्हच्या हातात होता. घाईत त्याने एक प्यादे पुढे सरकवले आणि गार्सियाच्या उंटाला मात करणारी तिरपी रेषा मोकळी करून दिली. तो डाव गेला, पाठोपाठ शेवटचाही गेला, आणि पहिला क्रमांक स्मिस्लॉवकडे आला. गार्सिया फार मोठा खेळाडू नव्हता. पण जगातली सर्वांत कठीण स्पर्धा कोण जिंकणार हे ठरवण्यात एका क्यूबन खेळाडूचा हात लागला, कारण तो त्या खुर्चीवर होता. असे काही घडू शकेल अशा जागी आपली माणसे आणून बसवणे, हा त्या रीतीचा सगळा हेतू. प्रचाराला हे असले निकाल अडचणीचे असतात; शिक्षणाला ते हवे असतात.

पुढच्या वर्षीचा प्रसंग याच्या अगदी उलट जातीचा. १९६६ मध्ये ऑलिंपियाड हवानात भरले, बावन्न देशांचे संघ आले, अमेरिकेच्या संघातून फिशरही यावेळी प्रत्यक्ष आला. १९ नोव्हेंबरला, कॅपाब्लांकाच्या जन्मदिनी, क्रांतीच्या चौकात ३८० मास्टर एकाच वेळी ६,८४० पटांवर खेळले. आकडा भव्य आहे आणि कॅपाब्लांकाच्या आठवणींत तो नेहमी सांगितला जातो. मला मात्र त्याचे मोल वार्षिक स्पर्धेपेक्षा बरेच कमी वाटते. त्या संध्याकाळी हजारो लोकांना मास्टरसमोर बसल्याचा आनंद मिळाला, तो खराच. पण पट गोळा झाले, चौक मोकळा झाला, आणि त्यातून खेळाडू घडण्याची काही व्यवस्था उरली नाही. स्मरणाचे सरकारी कार्यक्रम बहुधा अशा भव्य आकड्यांकडे ओढले जातात. कॅपाब्लांका स्पर्धेची कामगिरी ही की ऑलिंपियाडचे ते वर्ष सरताच, १९६७ मध्ये, ती पुन्हा आपल्या साध्या साखळी स्वरूपात परतली. डेन्मार्कचा बेंट लार्सन ती जिंकून गेला.

१९५० मध्ये जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर, इंटरनॅशनल मास्टर असे किताब अधिकृत केल्यापासून या रीतीला आणखी एक व्यावहारिक बळ मिळाले. किताब हवा तर ठरावीक दर्जाची स्पर्धा हवी: पुरेसे किताबधारी प्रतिस्पर्धी, पुरेसे परदेशी, पुरेसे डाव. अशा स्पर्धा युरोपात भरत. युरोपातला खेळाडू रेल्वेत बसून तिथे पोहोचे. क्यूबातल्या खेळाडूला समुद्र ओलांडावा लागे आणि खर्च परकीय चलनात करावा लागे, जे देशाकडे नव्हते. एका खेळाडूला पाच वेळा बाहेर पाठवण्यापेक्षा दहा परदेशी खेळाडूंना एकदा घरी आणणे स्वस्त, आणि त्याचा लाभ एकाच वेळी पाच-सात जणांना. सत्तरच्या दशकात ही स्पर्धा हवानाबाहेर, सिएनफुएगोस आणि कामागुएसारख्या शहरांतही फिरली. १९७५ मध्ये सिल्व्हिनो गार्सिया हा क्यूबाचा पहिला अधिकृत ग्रँडमास्टर झाला, वर्षभरात गियेर्मो गार्सिया त्याच्या पाठोपाठ आला, आणि १९८५ मध्ये हेसुस नोगेइरास जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेपर्यंत पोहोचला. या यशाचे सारे श्रेय एका स्पर्धेला देणे चूक ठरेल. सोव्हिएत प्रशिक्षक होते, शाळांची यंत्रणा होती. पण किताबाच्या हिशेबात घरच्या स्पर्धेला पर्याय नव्हता, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. विश्वनाथन आनंद यांनी ग्रँडमास्टर किताबाची अखेरची पायरी ओलांडली ती कोइम्बतूरला घरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत. आणि मुंबईचे प्रवीण ठिपसे १९८० च्या दशकातच इंटरनॅशनल मास्टर झालेले असूनही ग्रँडमास्टर व्हायला त्यांना १९९७ उजाडावे लागले; त्या काळात आपल्याकडे अशा स्पर्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत.

इतर स्मृतिस्पर्धांकडे पाहिले तर हाच निष्कर्ष आणखी पक्का होतो. पोलंडमध्ये अकिबा रुबिनस्टाइनच्या नावाची स्पर्धा १९६३ पासून पोलानित्सा-झ्द्रुय या आरोग्यस्थळी भरू लागली. ते गाव १९४५ पर्यंत जर्मनीत होते आणि रुबिनस्टाइनशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी ती दशकानुदशके चालली, कारण पोलिश खेळाडूंना परदेशी प्रतिस्पर्धी आणि किताबाच्या संधी तिथे मिळत. मॉस्कोतली ताल स्मृतिस्पर्धा २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यातले खेळाडू हवानापेक्षा किती तरी वरच्या मानांकनाचे असत, काही वर्षे ती जगातल्या सर्वांत बलवान स्पर्धांत गणली गेली. पण मॉस्कोला त्या पाहुण्यांची गरज नव्हती. रशियन खेळाडूंना तसे प्रतिस्पर्धी कुठेही भेटत. पैसा आटला तशी ती आधी अनियमित झाली आणि मग थांबली. तालची आठवण रशियात किंवा लाटव्हियात कॅपाब्लांकाच्या आठवणीपेक्षा फिकी होती असे कोणी म्हणणार नाही. फरक गरजेचा होता.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र वेगळाच आहे. घरी पाहुणे आणून आपली मुले घडवायची, हे ठीक. पण घडलेली मुले घरी राहतात का? लेइनिएर डोमिंगेस हा कॅपाब्लांकानंतरचा क्यूबाचा सर्वांत बलवान खेळाडू. त्याने ही स्पर्धा २००८ आणि २००९ मध्ये जिंकली, मधल्या काळात अल्माटीला ब्लिट्झ, म्हणजे अतिजलद बुद्धिबळाचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि दहा वर्षांनी तो अमेरिकेच्या वतीने खेळू लागला. लासारो ब्रूसोनही अमेरिकेत गेला. मग इतक्या वर्षांचा खर्च शेवटी त्याच देशाच्या पदरात पडला, ज्याने १९६५ मध्ये फिशरला येऊ दिले नव्हते. या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणे बरे नाही. एवढे म्हणता येते की हे नुकसान त्या रीतीइतकेच जुने आहे. कॅपाब्लांका स्वतः किशोरवयात न्यूयॉर्कला गेला आणि तिथलाच झाला. क्यूबाशी त्याला बांधून ठेवले ते परराष्ट्र खात्याच्या पगाराने आणि देशाच्या अभिमानाने. आजच्या सरकारकडे अभिमान आहे, पण जगात चालेल असा पगार नाही. जे घर मुलांना पोसू शकत नाही, त्याचा दोष त्या घरातल्या शाळेवर टाकता येत नाही. तरीही ही हानी मोठी आहे, आणि स्पर्धेचे कौतुक करणाऱ्यांनी ती लपवू नये.

स्पर्धेचा आकारही आटला आहे, हे खरे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबात वीज, इंधन, अन्न सगळ्याचीच ददात झाली, आणि त्यानंतर बावीस जणांची महिनाभराची साखळी पुन्हा परवडली नाही. २०१० मध्ये वरच्या गटात सहाच खेळाडू होते आणि ते दुहेरी साखळीत खेळले: युक्रेनचा इव्हान्चुक, रशियाचे नेपोम्नियाश्ची आणि अलेक्सेयेव, इंग्लंडचा शॉर्ट, आणि घरचे डोमिंगेस व ब्रूसोन. जुन्या दिमाखाची आठवण काढणाऱ्यांना यात अधोगती दिसते. मला या सहांच्या यादीत जुन्या रीतीचा सांगाडा अजून स्पष्ट दिसतो. चार पाहुणे, तेही चांगले. दोन घरचे, प्रत्येक पाहुण्याशी दोनदा. इव्हान्चुकसारखा जगातल्या पहिल्या फळीचा माणूस २००५ ते २०१६ या काळात पुन्हा पुन्हा तिथे येत राहिला आणि जिंकत राहिला, याचा अर्थ बोलावणाऱ्यांच्या शब्दाला अजून वजन होते. वरच्या गटाखाली इतर गट आणि खुली स्पर्धा असते. तिथे लॅटिन अमेरिकेतले तरुण आणि क्यूबाच्या प्रांतांतून आलेली मुले किताबधारी खेळाडूंसमोर बसतात. २०१७ मध्ये वरच्या गटाची साखळी वाराडेरोच्या किनाऱ्यावर झाली. ती चेन्नईच्या कृष्णन शशिकिरणने जिंकली, आणि त्यासाठी त्याला यजमान देशाच्या खेळाडूंचा सामना करावाच लागला. स्टाइनिट्झच्या वेळेपासून हवाना पाहुण्यांना हीच एक अट घालत आले आहे.